पानी खोल शे

कुमुदिनी बोंडे माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा
सव्वातीन वाजले होते, लाइट गेलेली.
"मृत्यूचा दाखला हवाय," म्हणाल्या.
कुणाचा?
"माझा."

सावदा नगरपालिका, जन्म-मृत्यू विभाग.
इथे लोक नावातली वेलांटी बदलायला येतात,
शाळेसाठी सहा महिने वाढवून मागतात.
मागच्या खेपेचं मरण मागायला
एकोणीस वर्षांत कुणी आलं नव्हतं.

जळगावला, रिंग रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
तीन बैठका, साडेसहा हजार.
डोळे मिटा, जिना उतरा, खाली बघा,
पायांत काय आहे?
असं विचारल्यावर पाय रिकामे कसे राहतील?
तोडे होते, चांदीचे.
नाव भागाबाई. तापीच्या डोहात बुडाली.
भिंतीवर कॅलेंडर होतं: एकोणीसशे अठरा.

मी म्हटलं, ताई, माझा पणजा जन्मला
तो "साथीच्या साली, कापूस वेचणीला".
एवढीच त्याची तारीख.
कुडाच्या भिंतीवर इसवी सन कुणी टांगला?
त्या म्हणाल्या, तरी बघा.

बघितलं.
मोडी वाचणारा आता या इमारतीत मीच उरलोय.
अठराचं बाड कसरीनं कुरतडलेलं,
दिवाळीच्या आधीची पानंच्या पानं, कारण: ताप.
ताप. ताप. मग लिहिणाऱ्याचा हात थकला असेल,
खाली नुसतं सदर, सदर, सदर.
धुडकू, उखर्डू, ही तर
मरू नयेत म्हणून उकिरड्यावर लोळवून ठेवलेली नावं.
तीही गेली.
भागाबाई चार. चौघी तापानं.
बुडून एकच, म्हशीमागे गेलेला गुराखी.
आणि एक: नाव नाही, मुलगी, तीन दिवस.

जिना उतरून राण्या वर येतात, सरदार येतात,
हल्ली बुडालेल्या बायकाही येतात.
ही तीन दिवसांची
कुणाच्याच डोळ्यांमागून का येत नाही?
विचारलं नाही. सरकारी खुर्चीवरून विचारता येत नाही.
नोंद सापडत नाही, एवढंच लिहून देतो म्हटलं;
नव्हतीच, असं माझं रजिस्टर म्हणत नाही.

तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला.
"मग हे काय? मला अहिराणी येत नाही,
आमच्या घरात सात पिढ्या लेवाबोली."
आवाज त्यांचाच, पण लहान झालेला, ओला:
*पानी खोल शे, जाऊ नको वं माय.*
"बुडतानाचे माझे शेवटचे शब्द," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा लावायला सांगितलं.
तिसऱ्यांदा म्हटलं, ताई,
बुडणारी बाई "जाऊ नको" कुणाला म्हणेल?
हे काठावरचं बोलणं आहे.
आणि "माय" म्हणतात
लेकीलाही.

पंखा फिरला, पानं उडाली, मी पेपरवेट शोधत होतो
तोवर त्यांनी आईला फोन लावला होता, स्पीकरवर.
पलीकडे कुकरची शिट्टी, मग म्हातारा आवाज:
"अगं, तुझ्या वडिलांची शिंदखेड्याला बदली होती ना.
यसोदा होती तिथं धुण्याभांड्याला.
तू तिच्याच कडेवर, बुराईच्या काठी दिवसभर.
साडेतीन वर्षांची होतीस, आलो इकडे.
पंधरा दिवस जेवली नाहीस.
तोडे वाजायचे तिचे. तुला आठवतं?"

नाही, म्हणाल्या कुमुदिनीबाई.
आठवत नाही.

बराच वेळ बसून होत्या.
साडेसहा हजारांचं त्यांना वाईट वाटत होतं की
बुडायला मिळालं नाही याचं, कळेना.
मी बाड फडक्यात बांधलं, गाठ मारली.
मग त्यांनी विचारलं, अगदी माझ्या खात्याच्या भाषेत:
तिची नोंद मिळेल का? यसोदा.
आडनाव?
पुन्हा फोन. आईला माहीत नव्हतं,
कधी विचारलंच नव्हतं.

मी चष्मा काढला.
म्हटलं, शिंदखेडा आमच्या हद्दीत येत नाही.